एवढ्या सरळ रस्त्याच्या शहरात बस का नाही?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी जळगावात खोटेनगर स्टॉपच्या मागच्या कॉलनीत राहते आणि एमआयडीसीतल्या एका चटई कारखान्यात अकाउंट्सचं काम बघते. चौदा वर्षं स्कुटीने गेले-आले. सकाळी सनकोट घालायचा, स्कार्फ बांधायचा, किक मारायची की वीस-पंचवीस मिनिटांत ऑफिसात. मागच्या दिवाळीनंतर डोळ्यांची तपासणी केली तेव्हा काचबिंदू निघाला, डॉक्टर म्हणाले समोरचं चांगलं दिसतंय पण बाजूचं दिसणं कमी झालंय, गेलं ते परत येत नाही, आहे ते थेंब टाकून सांभाळायचं, आणि ताई गाडी आता चालवू नका. हायवेवर बाजूने डंपर येतो तो दिसला नाही तर काय होतं हे जळगावकराला समजावून सांगायची गरज नाही. त्या दिवशी स्कुटी घरी लावली ती लावलीच.

तेव्हापासून आठ महिने मी बसने जाते-येते आणि त्याच्याचबद्दल लिहायचंय. कारण या आठ महिन्यांत मला एक गोष्ट पक्की कळली, आपल्याकडे बस सोयीची नाही असं सगळे म्हणतात पण बसला उशीर लागतो हा त्रास नाहीच आहे, बस कधी येईल हे माहीत नसणं हा त्रास आहे. या दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत आणि दुसरी तर फार थोड्या पैशात सुधारता येते, म्हणून हे पत्र.

माझा रस्ता आधी सांगते. शहरात फिरणारी सिटी बस नाही त्यामुळे बाहेरगावहून येणाऱ्या एसटीवरच आमच्यासारख्यांचं भागतं. एरंडोल, धरणगाव, पाळधीकडून येणारी साधी गाडी खोटेनगरला थांबली की तिच्यात बसायचं. सुरुवातीला मी पार नव्या स्टँडपर्यंत जायची आणि तिथून दुसरी गाडी धरायची, त्यात अर्धा तास कुठच्या कुठे जायचा. मग एका बाईंनी सांगितलं की स्टँडवर कशाला जातेस, आकाशवाणी चौकात उतर आणि तिथेच भुसावळ नाहीतर जामनेरची गाडी धर, ती अजिंठा चौफुलीवरून जाते. तेव्हापासून तसंच करते. चौफुलीला उतरलं की आत दहा मिनिटं पायी. गाड्या जुळून आल्या तर घरापासून ऑफिसपर्यंत पाऊण तास, नाही जुळल्या तर दीड. सहा-सात किलोमीटरला दीड तास!

आता बघा, पाऊण तास मला चालतो. मी घरातून तेवढं लवकर निघेन, काही बिघडत नाही. पण आज पाऊण की दीड हे सकाळी निघताना माहीत नसतं आणि त्यामुळे रोज दीड तास धरूनच निघावं लागतं, मग ज्या दिवशी गाड्या पटापट मिळतात त्या दिवशी कारखान्याच्या गेटवर कुलूप उघडायची वाट बघत उभं राहायचं. ज्याच्याकडे गाडी आहे तो माणूस असं महिनाभर तरी करेल का? नाही करणार, आणि त्याला दोष कसा देणार.

आमच्या स्टॉपवर एक कडुनिंब आहे. तोच स्टॉप. शेड नाही, पाटी नाही, बाकडं नाही, नव्या माणसाला इथे गाडी थांबते हे कळायचं एकच लक्षण, तिथे चार माणसं उभी असतात. एप्रिल-मे मधे आपल्याकडे पारा पंचेचाळिशीला जातो तेव्हा त्या झाडाच्या सावलीत जेवढे मावतील तेवढे उभे आणि बाकीचे हायवेच्या उन्हात. सावली सरकत जाते तशी माणसंही सरकत जातात. सकाळी साडेआठला झाडाच्या पश्चिमेला रांग असते, दुपारी एकदा सुट्टी घेऊन घरी परतले तर तीच माणसं खोडाला चिकटून उभी.

तिथे एक म्हातारेबाबा असतात, धोतर-टोपी, हातात कापडी पिशवी, आठवड्यातून दोनदा सिव्हिलला जातात. मोतीबिंदूचं ऑपरेशन व्हायचंय त्यांचं. मला बघितलं की विचारतात, "माय, गाडी उनी का व?" आणि मी म्हणते, नाही बाबा, येईल. पहिल्या दिवशी असं झालं, गंमत नाही, वाईटच वाटलं, की गाडी लांबून येताना दिसली, बाबांनी मला विचारलं कुठली आहे, आणि काचेवरची पाटी मलाही वाचता येईना. सकाळचं ऊन समोरून काचेवर पडलेलं, पाटीवरचा रंग उडालेला. बाबांना मोतीबिंदू, मला काचबिंदू, आणि गाडी भर्रकन समोरून निघून गेली. आम्ही हात केला नाही म्हणून ती थांबली नाही, ड्रायव्हरची चूक काहीच नाही. मागे उभ्या असलेल्या कॉलेजच्या पोराने सांगितलं की काकू जळगावच होती. तेव्हापासून तो पोरगा आम्हा दोघांना पाटी वाचून सांगतो, तो नसला की आम्ही प्रत्येक गाडीला हात करतो.

हे मी एवढं सविस्तर का लिहिते तर बसच्या स्टॉपवर उभं राहिल्याशिवाय हे शहर कुणाकुणाचं आहे ते दिसत नाही. स्कुटीवर होते तेव्हा मलाही दिसलं नव्हतं, चौदा वर्षं त्याच झाडाजवळून रोज गेले. गाडी न चालवणारे लोक किती असतात ते मोजून बघा. आजी-आजोबा चालवत नाहीत. ज्यांचे गुडघे गेले ते, डोळे गेले ते, फिट येते ते चालवत नाहीत. घरात एकच गाडी आणि ती नवरा घेऊन गेला तर बाई चालवत नाही. अठरा वर्षांच्या आतली मुलं तर चालवूच शकत नाहीत, म्हणजे कायद्याने, सोळाच्या पुढच्यांना ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीची सवलत आहे तेवढी सोडली तर.

पण चालवतात ना! आपल्या शहरात क्लासच्या वेळेला रिंगरोडला उभं राहा, नववी-दहावीची मुलं आणि मुली स्कुटीवर ट्रिपल सीट. २०१९ मधे मोटार वाहन कायदा बदलला, त्यात अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना काही गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीमालकाला २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद आहे, शिवाय गाडीचं रजिस्ट्रेशन बारा महिन्यांसाठी रद्द. सगळ्या आईबापांना हे ऐकून माहीत आहे, तरी देतात. मी पण माझ्या मुलीला अकरावीत असताना दिली होती आणि ती परत येईपर्यंत जीव टांगणीला लागायचा. पण न देऊन करायचं काय, सकाळी सहाचा क्लास, मग कॉलेज, मग परत संध्याकाळी क्लास, रोज तीन वेळा रिक्षा कुणाला परवडते? कॉलनीच्या कोपऱ्यावर ठरल्या वेळेला बस येत असती तर मी कशाला दिली असती गाडी तिच्या हातात. पोलिसांनी क्लासबाहेर गाड्या पकडल्या की आपण टाळ्या वाजवतो, पण तेवढ्याने प्रश्न सुटत नाही.

पैशाचंही बोलते कारण आमच्या स्टॉपवर सगळ्यात जास्त बोलणं त्याचंच चालतं. १७ मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत अर्धं तिकीट झालं, ७५ वर्षांच्या पुढच्यांना तर त्याच्या आदल्या वर्षीपासून फुकट आहे. त्याने काय फरक पडला ते कुणी आकडे मांडून सांगायला नको, सकाळच्या गाडीत चढून बघा. भाजीवाल्या बाया, दवाखान्यात निघालेल्या आज्या, माहेरी निघालेल्या लेकी. ज्यांना पूर्ण तिकीट आहे त्यांनी पासचं गणित करावं, मासिक पासला २० दिवसांचं भाडं भरून ३० दिवस प्रवास करता येतो आणि तीन महिन्यांच्या पासला ५० दिवसांच्या भाड्यात ९० दिवस. हे कितीतरी नोकरदारांना माहीतच नसतं, रोज सुटे शोधत बसतात. आता तर कंडक्टरकडे मोबाईलवरून पैसे देता येतात तो एक त्रास कमी झाला.

पण खरी मेख पुढे आहे. अर्ध्या तिकिटात मी आकाशवाणीपर्यंत येते, आणि ज्या दिवशी पुढची गाडी मिळत नाही त्या दिवशी तिथून चौफुलीपर्यंत रिक्षाने जाते, तर त्या तुकड्याला एसटीच्या दोन्ही तिकिटांपेक्षा जास्त पैसे जातात. महाबळला राहणाऱ्या आमच्या ऑफिसातल्या एका ताईंचं तर माहेर भुसावळला, त्या म्हणतात भुसावळला जायला जेवढे लागत नाहीत तेवढे घरून स्टँडवर जायला लागतात. गावाहून गावाला जाणं स्वस्त आणि शहरातल्या शहरात महाग, असं उलटं होऊन बसलंय. लांबच्या गाडीत जवळच्या तिकिटाला कुणी नाराज झालं तर त्यात त्यांचंही चुकत नाही, ती गाडी धुळ्याच्या माणसासाठी सोडलेली असते, मी मधेच दोन स्टॉपपुरती चढते आणि सीट अडवते. ते काम त्या गाडीचं नाहीच आहे.

मग काम कुणाचं? शहराच्या स्वतःच्या बसचं. आणि इथे मला आपल्या जळगावची एक चांगली बाजू सांगायची आहे जी कुणी बोलत नाही. आपलं शहर एका दोरीत ओवल्यासारखं आहे. खोटेनगरपासून निघा, शिव कॉलनी, प्रभात चौक, आकाशवाणी, इच्छादेवी, अजिंठा चौफुली, कालिंका माता मंदिर, सगळं एका सरळ रस्त्यावर. मोठ्या शहरांना चाळीस-पन्नास रूट काढावे लागतात तेव्हा कुठे सगळीकडे बस पोचते, आपल्याला हा एक रूट नीट चालवला तर अर्ध्या शहराचं काम होतं. दुसरा रूट रेल्वे स्टेशनपासून स्टँडवरून आकाशवाणी आणि पुढे महाबळकडे. हे दोन आडवे-उभे झाले, आकाशवाणी चौकात एकमेकांना मिळाले की तिथे बस बदलायची. एवढं साधं आहे. मी काही इंजिनिअर नाही पण रोज जाते-येते त्यामुळे सांगते.

त्यात आणि आता पाळधी ते तरसोद बायपासचं झालं. गावातून जाणारा हायवे आपल्या लोकांनी किती वर्षं सोसला, समांतर रस्त्यांसाठी किती आंदोलनं झाली, किती घरातली माणसं गेली. बायपासमुळे लांबचे ट्रक बाहेरून गेले की गावातला हा रस्ता पुन्हा गावाचा होणार. तो रस्ता परत नुसत्या मोटारसायकली आणि चारचाकींनी भरून टाकायचा की त्याच्यावर बस चालवायची हे आत्ताच ठरवावं लागेल, एकदा दोन्ही बाजूला पार्किंग आणि हातगाड्या बसल्या की मग कुणाच्याने हलवणं होत नाही.

आणि पैसे नाहीत असंही म्हणता येणार नाही. केंद्राने ऑगस्ट २०२३ मधे पीएम ई-बस सेवा मंजूर केली, दहा हजार इलेक्ट्रिक बस, ५७ हजार ६१३ कोटींची योजना, त्यातले २० हजार कोटी केंद्राचे, आणि बस चालवण्याला दहा वर्षं मदत. २०११ च्या जनगणनेत ज्या शहरांची लोकसंख्या तीन लाखांच्या वर आहे ती शहरं यात बसतात आणि जिथे सिटी बसची व्यवस्थाच नाही त्यांना प्राधान्य. त्या जनगणनेत जळगावची लोकसंख्या ४ लाख ६० हजार, धुळ्याची पावणेचार लाख. म्हणजे खान्देशातली ही दोन्ही शहरं बसतात, हे जणू आपल्यासाठीच लिहिलंय. बस येणार येणार हे ऐकून आमचे कान थकलेत, येवोत, पण मला भीती वेगळीच आहे. बस येतील, हार घातले जातील, फोटो निघतील, आणि पाटी कुठे, स्टॉप कुठे, कितीला येणार, रात्री शेवटची कधी हे कुणी सांगणार नाही. मग लोक चार दिवस वाट बघतील, नाही आली की परत स्कुटीला किक मारतील, आणि सहा महिन्यांनी कागदावर येईल की जळगावकरांचा प्रतिसाद नाही म्हणून बस बंद. प्रतिसाद कशाला द्यायचा तेच कळलं नाही तर लोक काय करतील.

म्हणून माझं म्हणणं असं आहे की बस थोड्या असल्या तरी चालतील, पण मुख्य रस्त्यावर दर पंधरा मिनिटांनी येईल म्हटलं तर ती यायलाच पाहिजे. अर्ध्या तासाने येईल म्हटलं तर अर्ध्या तासाने यावी, आम्ही तसे निघू. पन्नास बस पन्नास रस्त्यांवर पसरून कुठेच भरवसा नाही असं करू नका. आणि शेवटची बस सातला बंद करू नका. एमआयडीसीत सेकंड शिफ्ट रात्री अकराला सुटते. सकाळी बसने आलेला माणूस रात्री बसने जाऊ शकणार नसेल तर तो सकाळीही बसने येणार नाही, गाडीच काढेल. हे आमच्या कारखान्यातल्या पोरांनी मला सांगितलं. मी त्यांना बसने या बसने या म्हणत होते तर एक जण म्हणाला, ताई येईन हो, पण जाऊ कसा? माझ्याकडे उत्तर नव्हतं.

रिक्षावाल्या भावांनाही वाटतं की बस आली की आपलं पोट जाईल. त्यांच्याशी बसून बोललं पाहिजे, त्यांना डावलून काही होणार नाही आणि होऊही नये. आमच्या स्टॉपवर जो रिक्षावाला थांबतो त्याला मी विचारलं तर तो म्हणाला की ताई हायवेवर सीट भरून पळायला मलाही नको, पोलिसाचा धाक, ट्रकचा धाक, मला स्टॉपपासून कॉलनीत सोडायची छोटी छोटी भाडी मिळाली तर दिवसभर तेच करेन. म्हणजे बस मोठ्या रस्त्याला आणि रिक्षा गल्लीला, दोघांचं भागतं. अर्थात सगळे असंच म्हणतील असं नाही, पण कुणी विचारलं तर पाहिजे.

बसने जाण्यात मला जे मिळालं ते पण लिहिते, नाहीतर नुसतं रडगाणं वाटेल. स्कुटीवर चौदा वर्षं मी कुणाशी बोलले नव्हते, स्कार्फमधून नुसते डोळे दिसायचे. आता पाळधीच्या एक मावशी वांग्यांची टोपली घेऊन येतात त्या मला माझी जागा धरून ठेवतात, थंडीत त्यांच्याकडूनच भरताची वांगी घेते, बाजारात मिळत नाहीत तशी, पांढरट हिरवी. जुलैत एकदा धो धो पाऊस, आकाशवाणीला पाणीच पाणी, मी उतरायला घाबरत होते कारण बाजूचं दिसत नाही आणि सगळीकडून गाड्या. कंडक्टर दादा खाली उतरले, हात धरून मला दुभाजकाच्या कडेपर्यंत सोडलं, बेल मारली आणि मग गाडी गेली. पन्नास माणसं गाडीत बसलेली, कुणी एक शब्द बोललं नाही. १९४८ मधे पुणे-नगर पहिली गाडी सुटली तेव्हापासून एसटीने खेड्यापाड्यातल्या माणसाला असंच सांभाळलंय. शहरातल्या माणसाला सांभाळायची पण सोय व्हावी एवढंच मागणं आहे.

आणि एक काम आम्ही आमच्या पुरतं केलंय. मार्चपासून अडीच महिने मी डायरीत रोज लिहून ठेवलं, कुठली गाडी आमच्या झाडाजवळ किती वाजता आली. कॉलेजचा पोरगा दुपारच्या वेळा लिहायचा, मावशी संध्याकाळच्या तोंडी सांगायच्या. त्यातून दिसलं की गाड्या अगदी मनाला येईल तेव्हा येत नाहीत, सकाळच्या तीन गाड्या तर पाच-सात मिनिटांच्या फरकाने रोज त्याच वेळेला येतात, फक्त आम्हाला ते माहीत नव्हतं. मग माझ्या मुलीने एका पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात त्या वेळा लिहिल्या, बाबांना वाचता याव्यात म्हणून काळ्या मार्करने, आणि सुतळीने निंबाला बांधला. दुसऱ्या दिवशीच लोक त्याच्यापुढे उभे राहून वाचत होते. दोन बाया ज्या आठ वाजल्यापासून येऊन थांबायच्या त्या आता सव्वाआठला घरातून निघतात. एका सरांनी मोबाईलमधे फोटो काढून घेतला आणि सोमवारी ते गाडी घरी ठेवून स्टॉपवर आले, हे मी स्वतः बघितलं.

पावसात तो पुठ्ठा भिजून गळून पडला. मुलीने दुसरा लिहून प्लॅस्टिकच्या कव्हरात घालून बांधलाय. त्याचा फोटो या पत्रासोबत पाठवते आहे, जमल्यास छापावा. महापालिकेने किंवा ज्यांचं काम असेल त्यांनी तिथे एक खांब रोवून पत्र्याची पाटी लावली तर आम्ही आमचा पुठ्ठा त्याच दिवशी काढून घेऊ, वेळा लिहिलेली डायरी पण देऊ.

आपली नियमित वाचक,
खोटेनगर परिसर, जळगाव